लाल बाजूची चोविसावी रेघ

शॅग कोव्ह, न्यूफाउंडलंड
मंगळवार, ९ मार्च १९७१

चि. मर्टल,

तुला, लोर्नाला आणि कॉनरॅडला आत्याचे भरभरून आशीर्वाद. इकडे आम्ही बहीणभाऊ ठीक आहोत, म्हणजे या वयात जेवढं ठीक असावं तेवढं. माझी डाव्या डोळ्याची नजर जरा धुरकट झाली आहे, पण सुईत दोरा अजून मीच ओवते. तुझा बाबा रविवारपासून फारसा बोलत नाही. गुडघा दुखत असेल. बंदरात बर्फाच्या लाद्या अजून तरंगताहेत, तरी बोट दर शुक्रवारी येते. हे पत्र या शुक्रवारच्या बोटीने गेलंच पाहिजे, म्हणून आजच लिहायला घेतलं.

तुझं नाताळचं कार्ड पोचलं. नेहमीसारखं नाव, आणि 'सगळे मजेत'. तक्रार करत नाही. पण या खेपेला तुझ्या नवऱ्याचं, कॉनरॅडचंही पत्र आलं आहे. तुझ्या पाठीमागे लिहिलंय त्याने, तरी त्याच्यावर रागावू नकोस. लोर्नाला ऑक्टोबरात साखरेचा आजार निघाला हे मला त्याच्याकडून कळलं. सात वर्षांची पोर, आणि रोज सकाळी इन्शुलिन. तो टोचतो, आणि तू तेवढा वेळ न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसतेस. एप्रिल लागला की तो तळ्यांवरच्या मालबोटीवर चढणार, ते डिसेंबरपर्यंत. शेजारची नर्सबाई एखादा आठवडा येईन म्हणते. पुढे काय?

त्याने लिहिलंय, "आत्या, ती म्हणते, माझ्या हाताने एकदा एक माणूस गेलंय, माझ्या पोरीला मी सुई लावणार नाही. तुम्ही काही सांगा तिला. नाहीतर मला बोट सोडावी लागेल, आणि बोटीवाचून मला दुसरं काही येत नाही."

ते वाक्य मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. त्याबद्दल लिहायचं आहे. पण आज आधी टोचायचं कसं तेवढं लिहिते. ते मला येतं.

तुला ठाऊक आहे, मी काही शिकलेली नर्स नव्हे. शाळेत तिसऱ्या पुस्तकापर्यंत गेले आणि मग मासळी वाळवायला लागले. नर्स असायची खाडीपलीकडे, दर दुसऱ्या मंगळवारी होडीने यायची. मधल्या तेरा दिवसांत गावाने आजारी पडायचं नाही असा जणू नियमच होता, आणि गाव तो कधी पाळायचं नाही. म्हणून त्या नर्सने, मिस हॅलेटनी, मला धरलं. म्हणाल्या, "सेलीना, तुझे हात स्वच्छ असतात आणि तू बडबड कमी करतेस. तू शिक." दुसरी गोष्ट खरी नव्हती, पण मी शिकले.

त्या म्हणायच्या, शरीराला दारं पुष्कळ आहेत, कुठल्या औषधाला कुठलं दार उघडायचं ते कळलं की अर्धं काम झालं. कॉड माशाचं तेल तोंडातून, आणि पोरांचं नाक चिमटीत धरून. छाती भरली की डोक्यावर घोंगडी घेऊन वाफ नाकातून. डोळ्यात थेंब टाकायचा तो बुबुळावर नाही, खालची पापणी ओढून तिच्या खिशात. कानात टाकायचं तेल आधी बाटली मुठीत धरून कोमट करायचं, नाहीतर माणूस गरगरतो. पेनिसिलिन मात्र दांडग्या स्नायूत, ढुंगणाच्या वरच्या बाहेरच्या चतकोरात. तो चतकोर मला कळावा म्हणून त्यांनी ॲब्सलमकाकांच्या कातडीवर कपड्याच्या निळीने फुलीच काढली होती. काका निमोनियाने फणफणलेले, तरी हटून बसले. "बाईमाणसापुढे मी चड्डी उतरवणार नाही, मेलो तरी चालेल." मग काकूंनी त्यांच्या लोकरीच्या लांब चड्डीला नेमकी त्या जागी एक खिडकी कापली आणि तिला दोन गुंड्यांचं झाकण शिवलं. दहा दिवस मी ती खिडकी उघडून टोचलं. बरे झाल्यावरही काका ती चड्डी घालायचे. म्हणायचे, हवा छान लागते.

आता इन्शुलिन. ते स्नायूत नाही, कातडीच्या खालच्या चरबीत. सिरिंज आणि सुई पातेल्यात उकळताना तळाशी फडकं घाल, नाहीतर काच तडकते. हात साबणाने धू. गढूळ इन्शुलिनची बाटली हलवायची नाही, फेस होतो. दोन्ही तळव्यांत धरून हळू लोळवायची. बाटलीचं रबर स्पिरिटने पूस. जेवढं औषध घ्यायचं तेवढीच हवा आधी बाटलीत सोड, मग बाटली उलटी करून औषध ओढ. बुडबुडा दिसला तर नखाने टिचकी मार, तो वर येतो, त्याला हाकलून दे. कातडी चिमटीत धर, सुई झटकन आत, औषध सावकाश, सुई बाहेर, वर कापूस. झालं. आज डावी मांडी, उद्या उजवी, परवा दंड, मग पोट. त्याच त्याच जागी टोचलं की तिथे गाठ धरते आणि औषध नीट लागत नाही.

वाचायला लांबलचक वाटतं, करायला चहाचं आधण येण्याइतकाही वेळ लागत नाही. बाकीचं उद्या.


गुरुवार, ११ मार्च

काल लिहायचं होतं, जमलं नाही. बसले होते, पण उठून कपाट आवरलं. कपाट काही पसरलेलं नव्हतं.

मर्टल, तुझ्या आईचं सकाळचं इन्शुलिनचं इंजेक्शन तुला आठवतं का? मला रोज आठवतं. मी पहिल्यांदा शिकले ते मिस हॅलेटनी आणलेल्या संत्र्यावर. संत्र्याची साल माणसाच्या कातडीसारखी लागते म्हणे. तीन दिवस मी त्या संत्र्यात पाणी टोचलं. चौथ्या दिवशी वहिनीने ते कापून सगळ्यांना फोड फोड वाटली आणि म्हणाली, "वन्सं, तुमच्या पेशंटला चवच नाही."

मग तिचीच पाळी आली. पहिल्या दिवशी मी सुई दोनदा खाली ठेवली, तेव्हा तीच मला धीर देत होती. "टोचा हो, मी काही पळून जात नाही, पळायला जागा कुठाय इथे?" आणि मग तिने तो रिवाज पाडला. आधी गावची एक ताजी बातमी सांगायची, आणि बातमी सांगता सांगता टोचायचं. "बातमी आधी, सुई मागून." बातमी नसली तर मी रचून सांगायचे. एकदा सांगितलं, पाद्रीबाबांच्या बोकडाने त्यांचं रविवारचं प्रवचन खाल्लं. ती इतकी हसली की सुई आतच वाकली. दुपारपर्यंत गाव पाद्रीबाबांकडे बोकडाची चौकशी करायला गेलं.

सुया तेव्हा फेकून देत नव्हतो. तुझा बाबा गळांना धार लावायच्या आपल्या दगडावर त्या घासून द्यायचा, आणि कापसातून ओढून बघायचा. कापसाचा एक तंतू जरी अडकला तरी पुन्हा घासायचा. म्हणायचा, "माशाला टोचलं तर चालेल, विनीला नाही." तोंडाने तो तिला कधी गोड बोलला असेल तर मी ऐकलेलं नाही. ती सुई हेच त्याचं बोलणं होतं.

तू तेराची झालीस तेव्हा तूच म्हणालीस, "आत्या, मला शिकव." वहिनी म्हणाली, "शिकवा हो वन्सं, तुमच्या बातम्या आता शिळ्या व्हायला लागल्यात." मी तुला सिरिंज दाखवली. तिच्यावर दोन मोजमापं होती, एका बाजूला लाल रेघा, दुसऱ्या बाजूला हिरव्या. तू विचारलंस, "हिरव्या कशाला?" मी म्हणाले, "त्या आपल्याला लागत नाहीत. आपल्या बाटलीचा कागद लाल, आपली बाजू लाल, तुझ्या आईची रेघ चोविसावी. एवढं डोक्यात ठेव." तू तेवढंच डोक्यात ठेवलंस. दोन वर्षं, मी कुठे गेले असले की, तू टोचलंस. एकदाही चुकली नाहीस. तुझी आई म्हणायची, "पोरीचा हात कळतसुद्धा नाही. वन्सं, तुम्ही आपले मासेच साफ करा."

मग सत्तावन्न सालचा जून.

त्या आठवड्यात कॅपलिनची वाट बघणं चाललं होतं. तुझ्या शहरात राहून तू विसरली असशील, पण इथे आजही तसंच आहे. बोटभर लांबीची ती मासळी लाटेबरोबर किनाऱ्यावर लोटते, आणि मग घरात माणूस राहत नाही. त्या सकाळी पहाटे पाचला हाळी आली, "आले, आले." मी जाळं घेतलं, परडी घेतली, गुडघाभर पाण्यात उतरले. सगळा वाळूचा पट्टा चांदीसारखा वळवळत होता. वर्षभराचं बटाट्याचं खत आणि हिवाळ्याचं कालवण एका सकाळीत गोळा करायचं असतं.

आठाच्या सुमाराला तू वरच्या खडकावर येऊन उभी राहिलीस. निळा फ्रॉक, वेण्या सुटलेल्या. ओरडून विचारलंस, "आत्या, जुन्या बाटलीत पुरेसं नाहीये. नवी उघडू का?"

मी पाण्यातूनच ओरडले, "उघड, उघड."

तू गेलीस.

तुझ्या बाबाचा पाव करपतोय, उठते.


शुक्रवार, १२ मार्च, सकाळ

पाव करपत नव्हता. पाव भाजून झाला होता.

बोट अकराला येते. आता घड्याळात आठ झालेत. लिहून टाकते.

नवी बाटली आदल्याच दिवशीच्या बोटीने आली होती. मिस हॅलेट सुट्टीवर मायदेशी गेल्या होत्या, त्यांच्या जागी आलेल्या नर्सने दोन बाटल्या पाठवल्या होत्या, आणि बरोबर चिठ्ठी. "लाल संपल्या आहेत. या हिरव्या कागदाच्या आहेत, औषध दुप्पट तीव्र आहे. सिरिंजच्या हिरव्या बाजूने मोजा. घरात जे कोणी टोचतं त्या प्रत्येकाला सांगा." मी चिठ्ठी वाचली. दोनदा वाचली. बाटल्या तळघरातल्या गार मडक्यात ठेवल्या, चिठ्ठी एप्रनच्या खिशात घातली, आणि ठरवलं की सकाळी मीच टोचणार आहे, मर्टलला जेवताना सांगू. मग पहाटे कॅपलिन आले.

तू विचारलंस तेव्हा चिठ्ठी माझ्या खिशात होती, मर्टल. ओली झाली होती.

तू जे शिकली होतीस तेच केलंस. लाल बाजू, चोविसावी रेघ. हिरव्या बाटलीतून लाल चोवीस म्हणजे अठ्ठेचाळीस. वहिनीच्या अंगात दुप्पट औषध गेलं. त्या औषधाचा जोर दुपारी चढतो. दुपारी आम्ही सगळे किनाऱ्यावर, आणि ती एकटी वाफ्यात कॅपलिन पसरत होती. तिला चक्कर आली असेल, घाम फुटला असेल, तिला वाटलं असेल ऊन आहे. तूच तिला बटाट्याच्या सरीत पडलेली पाहिलीस आणि धावत माझ्याकडे आलीस.

मी काकवी आणली, बोटाने तिच्या गालाच्या आत, हिरड्यांवर चोळली. शुद्ध हरपलेल्या माणसाला पाजायचं नसतं, ठसका लागतो, म्हणून ते दार. पण फार उशीर झाला होता. होडी नर्सला आणायला गेली. ती संध्याकाळी पोचली, तिने शिरेतून ग्लुकोज दिलं. वहिनी जागी झाली नाही. तिसऱ्या दिवशी गेली. हे सगळं तुला ठाऊक आहे. आता तुला ठाऊक नाही ते.

नर्सने मला स्वयंपाकघरात विचारलं, "कुठल्या बाटलीतून दिलं?" मी तिच्या हातात जुनी, लाल कागदाची बाटली ठेवली. तळाशी थोडं उरलेलं होतं तीच. तिने बघितली, मान हलवली, आणि तुला हाक मारून विचारलं, "किती घेतलंस बाळ?" तू म्हणालीस, "चोवीस." तिने तुझ्या कपाळावरून हात फिरवला फक्त. सगळ्यांना वाटलं, पोर घाबरून चोवीस सांगतेय, जास्तच घेतलं असणार.

त्या रात्री तू माझ्या कुशीत येऊन म्हणालीस, "आत्या, मी चोवीसच घेतलं ना गं? मी नीट बघितलं होतं."

आणि मी काय म्हणाले ते तू विसरली नसशील. मी म्हणाले, "हात हलला असेल गं बाई. लहान आहेस तू. कुणी तुला बोल लावणार नाही."

मायेने म्हणाले असं मी चौदा वर्षं स्वतःला सांगत आले. ती माया नव्हती. मी माझं ओझं उचलून तुझ्या पाठीवर ठेवलं, आणि वरून पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक गोष्ट केली, जी आजवर कुणाला सांगितलेली नाही. तळघरातून दोन्ही हिरव्या बाटल्या वर आणल्या, एक तू उघडलेली, एक भरलेली. खिडकीच्या कट्ट्यावर शेजारी शेजारी ठेवल्या. मग सिरिंजने भरलेल्या बाटलीतून लाल बाजूच्या चोविसाव्या रेघेपर्यंत औषध काढलं, आणि वाकून बघितलं. दोन्ही बाटल्यांतलं औषध एका पातळीत आलं होतं. केसाइतका फरक नाही. तुझा हात हलला नव्हता, मर्टल. तुझा हात शिकवल्याबरहुकूम होता. हे मला त्याच सकाळी, वहिनी अजून श्वास घेत असताना कळलं होतं. मग मी दोन्ही बाटल्या आणि चिठ्ठी धक्क्यावरून पाण्यात टाकल्या.

तू सतराव्या वर्षी टोरांटोला निघालीस तेव्हा मी तुला अडवलं नाही. सगळे म्हणाले आत्याचं मन मोठं. तुझ्या नजरेला नजर देणं माझं टळलं, एवढंच होतं ते.

कॉनरॅडचं पत्र आल्यावर रविवारी चर्चहून परत येताना मी तुझ्या बाबाला सगळं सांगितलं. तो रस्त्यातच थांबला.  मग म्हणाला, "बाटली कुठाय?"

"पाण्यात टाकली."

"चौदा वर्षं, सेलीना."

"हो."

"त्यानंतर मी त्या पोरीच्या हाती साधा गळसुद्धा बांधायला दिला नाही. तिने मागितला तरी नाही. आठवतंय तुला?"

मी हो म्हणाले. मग तो म्हणाला, "शुक्रवारच्या बोटीने पत्र गेलं पाहिजे. नाही गेलं तर मी स्वतः जाईन, गुडघा गेला खड्ड्यात." तेव्हापासून तो माझ्या टेबलावर जेवत नाही. ताट उचलतो आणि शेडमध्ये नेतो. त्याचं काही चुकत नाही. आज सकाळी मात्र दारात येऊन त्याने एवढं विचारलं, "लिहून झालं?" मी म्हणाले, थोडं उरलंय. तो म्हणाला, "तिला लिही, बापानेही चूक केली." तसं लिहिते. बापानेही चूक केली, असं तो म्हणतो.

तुझी क्षमा मागायला मी हे लिहीत नाही. ती मागण्याची माझी जागा राहिलेली नाही, आणि तू दिलीस तरी मला ती पचणार नाही. कॉनरॅड निघायला तीन आठवडे आहेत म्हणून लिहिते आहे. तुझ्या पोरीला दर सकाळी एक हात हवा आहे, आणि मी शिकवलेल्या माणसांत, मिस हॅलेट धरून मी पाहिलेल्या सगळ्यांत, तुझ्याइतका नेमका हात मी दुसरा पाहिला नाही.

एक काम कर. सुई लावण्याआधी लोर्नाच्या बाटलीवरचा आकडा मोठ्याने वाच. मग सिरिंजवरचा आकडा मोठ्याने वाच. दोन्ही जुळले तरच ओढ. नवी बाटली उघडली की पुन्हा वाच, आणि घरात जो कोणी टोचेल त्याला हातातलं काम सोडून, समोर उभं करून सांग. मी तेवढं केलं नाही, बाकी सगळं केलं.

हे पत्र जाळू नकोस. कॉनरॅडला वाचायला दे. डॉक्टरला दाखवायचं असेल तर दाखव. लोर्ना मोठी झाली आणि आजीबद्दल विचारलं, तर तिलाही दे. आजवर मी तुला लिहिताना शेवटी नुसतं 'आत्या' लिहीत आले. ते मला पुन्हा लिहिता येईल का, हे आता तू ठरव. मी इथे पूर्ण नाव लिहिते, कारण हा जबाब आहे, आणि जबाबाखाली पूर्ण नाव लागतं.

१९५७ च्या जूनमध्ये विनिफ्रेड स्ट्रिकलंड हिला दिलेल्या औषधाची बाटली बदलली होती. ते मला माहीत होतं. टोचणाऱ्या मुलीला मी ते सांगितलं नाही. मुलीने चोवीसच घेतलं होतं.

सेलीना जेन स्ट्रिकलंड